हुक

शामरावनगरात आमची साईट.
तळमजला नुसता खांबांवर सोडलाय,
पुराचं पाणी आलं तर खालनं निघून जाऊ दे म्हणून.
नदीची एवढी धास्ती.
सातव्या मजल्याची कुणाला नाही.

मी सुपरवायझर.
पावणेनऊला पत्र्याच्या ऑफिसात बसून रजिस्टर भरतो.
हेल्मेट, बूट, बेल्ट.
एकेचाळीस माणसं, एक पेन, टोपण हरवलेलं.
बरोबरच्या खुणा पानावर वरनं खाली
अशा सरसर उतरतात
की मान वर करायला लागत नाही.

त्या मंगळवारी स्लॅब होता म्हणून वर गेलो.
अगदी कडेला इराप्पा, उमदीचा,
उकिडवा बसून फळी ठोकत होता.
बेल्ट होता. पट्टे आवळलेले.
बेल्टाला दोरी होती, दोरीला हुक होता.
दोरीमागनं नजर नेली
तर हुक वळसा घालून
परत त्याच्याच कमरेला,
त्याच्याच कडीत.

म्हणजे गडी स्वतःलाच बांधलेला.
पडला असता तर दोरीसकट, हुकासकट,
माझ्या बरोबरच्या खुणेसकट.

ओरडलो. ओरडायचाच पगार घेतो.
"तिथं कशाला अडकवलाय रे?"
त्यानं तोंडातले खिळे तळहातावर काढले,
मोजल्यासारखे बघितले, म्हणाला,
"मग कुठं अडकवू, सायेब?"

त्याचा बेल्ट मागून घेतला, घातला.
घामानं ओला होता अजून.
हुक हातात धरून चारी कडा फिरलो.
परांचीचा बांबू धरला, तो हलला.
सळईला लावून बघितला,
उघड्या टोकावरनं निसटून आला.
पुढं सगळी हवाच.
लांब कृष्णाकाठची झाडं,
त्याच्या अलीकडं कुणाच्या तरी गच्चीवर
वाळत घातलेल्या पापड्या.

खाली काँक्रीटची गाडी आलेली.
ड्रम फिरतोय, ड्रायव्हर हॉर्न देतोय.
मालकाचा फोन. "काय अडलंय?"
म्हणालो, "दोर नाही."
"नाही कसा? फोटोला आणलेला की."

खरंच की.
तपासणीच्या फोटोपुरता, सहा महिन्यांपूर्वी.
स्टोअरमध्ये, चुन्याच्या पोत्यांमागं,
प्लास्टिकसुद्धा न फाडलेला.
आणि स्टोअरची किल्ली
माझ्या मोटारसायकलच्या किल्लीशेजारी
सहा महिने किणकिणत होती.

"थांबवलंय काम," मी म्हणालो.
पाय लटपटत होते. उंचीनं नव्हे.
मिरजेच्या फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला असतो.

गाठ मला जमेना.
इराप्पानं दोर काढून घेतला हातातनं,
पक्क्या झालेल्या खांबाला दोन वेढे दिले,
पाय रोवून अंगाच्या भारानं ओढून बघितला.
"बाप हिरी खांदायचा," म्हणाला.
"आत उतरला की वरच्यानं नाव घ्यायचं,
खालच्यानं ओ द्यायची.
ओ आली न्हाई की वढायचं,
इचारत बसायचं न्हाई."

एक गाडी परत गेली.
तिचे पैसे कुणाच्या खात्यावर पडणार
ते अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर घेऊन वर गेलो.
पट्टी नव्हती, हातानंच एक वाकडा रकाना आखला:
हुक कशाला?
आणि एकेक नाव घ्यायला लागलो.
ओ. ओ. एकजण हसला, मग ओ.
लाजल्यासारखं झालं, शाळेतल्यासारखं.

भागव्वा घमेलं डोक्यावर घेऊन
जिन्याच्या उघड्या तोंडाशी उभी होती,
तिथं कठडा व्हायचाय अजून.
"भागव्वा," मी म्हणालो.
"हाय की," ती म्हणाली.
"हाय मी. बेल्ट कुठं दिलाय मला?"

पान उलटून बघितलं.
कालचं, परवाचं, त्याच्या आधीचं.
तिच्या नावापुढं
खुणाच खुणा.