पिवळी रेघ

रात्रीच्या वर्गात मी सर्वांत थोरली.
माझ्याहून जुना फक्त मास्तरांचा चामडी कोट.

विस्कॉन्सिन नदीकाठचं आमचं गाव.
कागदाची गिरणी बंद पडल्यापासून
त्याला कसलाच वास येत नाही.
पूर्वी यायचा, उकडून विटलेल्या कोबीचा.
पाहुणे नाक धरायचे,
आम्ही म्हणायचो, पगाराचा वास आहे.

आता कम्युनिटी कॉलेजच्या मागची शेड.
बारा खोपटी, प्रत्येकाला रबरी पडदा.
नववं माझं.

काडी ओढावी तशी कांडी ओढायची.
चिकटते.
हिसडून सोडवते. पुन्हा चिकटते.
शेजारी काँगमेंग, वय एकोणीस.
त्याची वळी पहिल्याच आठवड्यात
नाण्यांची चळत कलंडावी तशी, एकावर एक.
माझी पाहिली तर
कोंबडी शाईत पाय बुडवून गेलेली.

ऑस्ट्रँडर मास्तर कमी बोलतात.
जहाजं जोडता जोडता एक कान गेला,
उरलेल्या कानानं पडद्याबाहेरूनच ओळखतात
कुणाची ठिणगी लांबली, कुणाची गुदमरली.
‘तव्यावर चरबी तडतडते तसं ऐकू यायला हवं, रोझॅन.
तू तर थुंकते आहेस.’

मुखवटा खाली ओढला की मिट्ट काळोख,
मग एवढासा हिरवा उजेड
आणि त्यात वालाच्या दाण्याएवढं
वितळलेलं थारोळं.
त्याला न्यायचं असतं. ढकलायचं नाही.
उभ्या सांध्यात खालून वर न्यायचं,
आणि ते सारखं खाली घसरू बघतं
झोपेला आलेल्या मुलासारखं.
हे मला जमतं, असं मला वाटत होतं.
मुलं मी दोन वाढवलीत.

वाकवणीच्या परीक्षेत दोनदा नापास.
पहिल्यांदा पट्टी पोटातून उलली.
दुसऱ्यांदा नुसती तडकली,
आवाजसुद्धा न करता,
गिरणीचं शेवटचं पत्र आलं होतं तशी.

फेब्रुवारीत ट्रकभर भंगार आलं, सरावासाठी.
हातमोज्यानं बर्फ पुसला
तर खाली हिरवा रंग,
आणि हिरव्यावर पिवळी रेघ.

चौथ्या मशीनपुढचा जमिनीचा पत्रा.
बावीस वर्षं मी या रेघेच्या अलीकडे उभी होते.
पलीकडे रूळ फिरायचे,
मिनिटाला हजार मीटर कागद.
वॉल्टची दोन बोटं गेली ती पलीकडेच,
आणि तरी तो निरोपाच्या दिवशी
रेघेला पाय न लावता वळसा घालून गेला.

मी कुणाला काही सांगितलं नाही.
काँगमेंगनं विचारलं, ‘जड आहे का? धरू?’
म्हटलं, धर.

वेल्डिंगआधी रंग काढायचा, नियमच आहे.
ग्राइंडर टेकवला.
पिवळी भुकटी उडाली, बाहीवर, भुवयांवर,
दातांखाली करकरली.
रेघ संपली तिथे
चकचकीत, कुणाचंच नसलेलं लोखंड.

आधी चार टाके घातले.
मग खालून वर, श्वास मोजत.
थारोळं दोनदा ढळलं, दोनदा सावरलं.
मळी ठोकून काढली तेव्हा
कोंबडी अजून होतीच,
पण या खेपेला कुठे जायचं ते तिला ठाऊक होतं.

प्रेसनं पट्टी नालासारखी वाकवली.
मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला,
नखानं सांधा चाचपला.
कडेला चीर होती. दोन मिलिमीटर.
तीनपर्यंत माफ असते.
त्यांनी कॅलिपर दोनदा लावला, मला तिसऱ्यांदा लावायला दिला.
‘चालेल.’
बस, एवढंच. मग ते काँगमेंगवर ओरडायला गेले,
त्यानं थंड व्हायच्या आधी पट्टी हाती घेतली होती.

प्रमाणपत्र पंधरवड्यात टपालानं येईल म्हणतात.
माझं नाव बरोबर छापलंय का ते नंतर.
आधी मी तो कागद
खिडकीतल्या उजेडापुढे धरणार आहे,
कुठल्या गिरणीचा आहे बघायला.