बर्फाच्या कारखान्याचा सूर

आधी जाड तार.
तिसऱ्या घरावर बोट, पट्टीच्या अगदी कडेला, घट्ट,
आणि मग गप्प बस, मिंगेल सोज सांगायचा.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर गप्प बसायला जागा कुठे?
लिलाव चाललेला, टोपल्या आपटतायत,
बांगड्यांच्या ढिगावर कावळ्यांची भांडणं.
पण या सगळ्याच्या खाली, म्हणायचा,
बर्फाच्या कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर घुमतोय, तो ऐक.
कुंपणातला हिरवा डबा. दिवसरात्र एकच सूर.
"पेटी कित्याक व्हयी? बोर्ड सूर फुकट देता."

सूर लागायच्या आधी दोन आवाज एकमेकांना ढकलतात,
वाँव-वाँव-वाँव,
शेजारून चाललेल्या दोन होड्यांच्या इंजिनांसारखे.
चावी हळू पिळ. वाँव लांबतं.
अजून लांबतं.
मग नसतंच.
नसतं तिथे थांब.

तार चढली तर वरून खाली येऊन थांबू नकोस,
पार सोड, आणि पुन्हा खालून वर ये.
उतरताना थांबवलेली तार रात्रीत सरकते,
वाळूत नीट न रुतलेल्या नांगरासारखी.

पाचवं घर, पुढची मोकळी तार.
पाचवं घर, पुढची.
पुन्हा पाचवं.
आणि तिसऱ्या तारेपाशी आलं की चौथं.
का? विचारलं तर खांदे उडवायचा:
"घरात एक तिरको असताच."

पहिली तार खाऱ्या वाऱ्याने महिन्याभरात जायची.
सावंतवाडीहून नवी येईस्तोवर तिथे बाबांचं तंगूस.
बाबांनी जन्मात गिटार हातात धरली नाही.
एकदा जाळं सांधता सांधता बोटाने ओढून म्हणाले,
ढिली आसा.
ढिली होती.

कारखाना बंद झाला. डबा उचलून नेला,
कुंपण राहिलं, आत घाणेरीची झुडपं.
मिंगेल लेकीकडे वास्कोला.
बर्फ आता कुडाळहून टेम्पोने येतो,
निम्मा वाटेतच गळतो.

भाचीच्या मोबाइलमध्ये सुई आहे.
मी सवयीने, नुसत्या कानाने, सहाही लावल्या.
तिने सुई धरली: प्रत्येक तार मधल्या रेघेच्या उजवीकडे,
केसभर, आणि सगळ्या सारख्याच.
"मावशी, तुझी आख्खी गिटारच चढलीय."
इतकी वर्षं आम्ही
विजेच्या सुरात वाजवत होतो.

तिच्या शाळेत आणखी चार गिटारी आहेत,
त्यांच्याशी जमायला हवं.
मी सगळ्या सोडल्या, पार खाली.
पाच तिच्या सुईवर आणल्या. खोटं कशाला बोलू,
मन नव्हतं.
पहिली तिच्यावर सोपवली, बघ म्हटलं, मोबाइल न बघता.

ती मान वाकडी करून बसलीय.
बोट दुखतंय, सांगत नाही.
दुसरीचं पाचवं घर, पहिली मोकळी,
वाँव… वाँव……
"गेलं?"
"आसा अजून. थोडा."