दोन बोटं माया

मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं
आणि आमची खोली त्यांना आठवली.
तीस तारखेपर्यंत, म्हणाले,
हातावर पेढा ठेवून.

नऊ वर्षं अकरा-अकरा महिन्यांचा करार,
माणसंही अकराच:
आई, अण्णा, कानांनी गेलेले भिकूकाका,
दादा, वहिनी, त्यांची तीन,
नवऱ्याकडून परत आलेली शैला, तिचा ओम्या,
आणि मशीनवर मी.

'माणसं किती?' घोसाळकर एजंट, फोनवर.
अकरा म्हटलं तर पलीकडून
नुसता पंखा ऐकू आला.
दुसऱ्याला सात सांगितली.
तिसऱ्याला पाच, बाकीची येऊन-जाऊन.
ब्लाऊज आत घ्यावा तशी
रोज थोडी थोडी आत घेत गेले माणसं.
काकांवर टीप मारली.
शैलाला दुमडलं.
वहिनी म्हणाली, मोठी दोन गावी ठेवते वर्षभर.
म्हणाली आणि मळत राहिली,
कणीक कधीच मळून झाली होती.

रविवारी पर्समध्ये टेप टाकून निघायचे.
भांडुपला चढणीवर दहा बाय बारा,
मोरीचं दार उघडलं की कपाटाला अडतं.
नाहूरला आधी आडनाव विचारलं,
मग मासे करता का.
करतो म्हटल्यावर त्याला आठवलं
वरच्या मजल्यावर पूजा असते. रोज.
विक्रोळीची चांगली होती खोली, उजेडाची.
भाडं ऐकलं आणि अण्णा
काही न बोलता चपला घालू लागले.

त्या रात्री सगळी झोपल्यावर
मी त्यांची मापं घेतली.
दादा, खांद्यात एकोणीस.
काका हात पसरून झोपतात, लिहिलं आणि खोडलं.
आईला अकरा इंच पुरतात,
ती कुशीवरच असते. उताणी झोपलेली
मी तिला पाहिलेलीच नाही.
ओम्या वाढत्या अंगाचा,
त्याला माया सोडायला हवी.

शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवतो आम्ही,
उद्या उसवून मोठं करता यावं म्हणून,
त्याला माया म्हणतात.
रेडीमेडमध्ये नसते ती.
खोल्यांमध्येही नाही सापडली.

सत्तावीस तारखेला मरोळ गावठाण,
तुस्कानोबाईंची मागची खोली,
लांबट, बोळासारखी, एकच खिडकी
आणि खिडकीत त्यांच्या कोंबड्या.
'किती जण?'
पाच, मी म्हणाले.
त्या किल्ली शोधायला घरात गेल्या
आणि हाताला सवय, पर्समध्ये मार्किंगचा खडू,
मी लादीवर रेघा मारत सुटले.
भिंतीकडून आई, तिच्यापुढे मुलं,
शैलाच्या आणि वहिनीच्या मध्ये जरा जागा,
त्यांचं सध्या पटत नाही.
दाराशी काका. त्यांना तशीही बेल ऐकू येत नाही.

वर पाहिलं तर बाई दारात.
बोटाने मोजत होत्या.
एकदा. मग चष्मा लावून पुन्हा.
'ही बारकी रेघ कुणाची?'
तान्हीची, मी म्हणाले,
आणि टीप सुटत जावी तशी
एकेकाचं नाव सांगत गेले.

कोंबडी ओरडली. बाई नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाल्या,
पाणी पाऊण तास येतं, पिंप मोठं आण.
भाडं हजाराने जास्त घेईन.
आणि हे पूस आधी,
संध्याकाळी माझा भाऊ येतो बघायला.

फडकं मागून घेतलं, बसले पुसायला.
पुसताना मोजल्या.
दहाच होत्या.
मशीनला कोपरा धरला होता मी,
मशीनवालीला धरायची राहिली.

सांगेन त्यांना,
करारावर सही करायच्या वेळी.
सही तर मीच करणार आहे.