गोळ्यांच्या पुड्या

पहिल्याच आठवड्यात गावंडे सर म्हणाले,
पांढरी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे.
सगळ्या वर्गाने ते वहीत उतरवलं.
मी नाही.
आमच्याकडे शेताला काळी म्हणतात, गावाला पांढरी.
पांढरीत माणसं राहतात
हे कळायला मला अमरावतीपर्यंत यायची गरज नव्हती.

बाकी पुष्कळ होतं शिकायचं.
वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत
अडकू नये, एवढं अंतर सोडायचं.
पिवळ्याशेजारी निळा ठेवला
की दोघांचाही स्वभाव फिरतो.
संगणक माझा नव्हता, हेमलताचा;
ती झोपली की माझा.
होस्टेलच्या भिंतीवर रात्री दोन वाजता
माझ्या तोंडाचा उजेड पडायचा म्हणे.

तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प:
वाचता न येणाऱ्यासाठी खूण.
मी आमच्या बोरडोहच्या उपकेंद्रातल्या
गोळ्यांच्या पुड्या घेतल्या.
सकाळ, डोंगराआडून अर्धा सूर्य.
दुपार, पूर्ण सूर्य.
रात्र, चंद्रकोर आणि एक चांदणी.
सगळं एकाच जाडीच्या रेषेत,
चौकटी आखून, मापून. सहा आठवडे.

बीपीच्या गोळ्यांचा वार मंगळवार.
देवराव आत्रामांनी पुडी लांब धरली, मग जवळ.
"अर्धा हाये. म्हंजे अर्धी गोळी घ्याची."
दुसरी पाहिली. "अन् हे अख्खी."
मागून कुणी तरी बोललं,
"पोरी, आपल्या इकडं सूर्य डोंगरातून कुठं निंगते?
जिनिंगच्या टिनावरून निंगते."
रेवताबाई टेकाम चंद्रकोरीकडे पाहत राहिल्या.
"ईद कधी हाये वं?"

मी हसले. मग हसता येईना.
अर्धी गोळी.
महिनाभर कुणी अर्धीच घेतली असती
माझा सूर्य पाहून.

कुंदा तिरपुडे सिस्टर हसल्या नव्हत्या.
त्यांनी ड्रॉवरमधून कात्री काढली,
रद्दी कागदाच्या साध्या पुड्या घेतल्या,
एकीचा एक कोपरा कापला. "सकाळची."
दुसरीचे दोन. "दुपारची."
तिसरीला हातच लावला नाही.
"रात्री लाईन नसते नं.
बोटाले समजलं पाहिजे."

कुणी शिकवलं हे?
"कोन शिकवते, बाप्पा.
अकरा वर्षं झाले कापून राह्यली."

चार वाजेपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून कोपरे कापले.
माझे वाकडे यायचे.
त्यांचे एका माचीत, न बघता,
तोंडाने कुणाच्या तरी लसीची तारीख सांगत.

तोंडी परीक्षेला टेबलावर मी
तीन कोऱ्या पुड्या ठेवल्या. शाई नाही, रंग नाही.
नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी उलटून पाहिल्या,
पुन्हा उलटून पाहिल्या.
"यात तुमचं डिझाईन कुठे आहे?"
म्हटलं, सर, डोळे मिटा.
त्यांनी मिटले नाहीत.
म्हटलं, माझं नाहीच, कुंदा तिरपुडे यांचं आहे.
मी फक्त सहा आठवड्यांत
काय पुसायचं ते शिकले.
(हे शेवटचं मी म्हटलं नाही. घरी येताना एसटीत सुचलं.)

शंभरपैकी बावन्न.
रंगयोजनेच्या रकान्यात आडवी रेघ,
रेघ मात्र चांगली होती, सरळ.
गावंडे सरांनी एक पुडी खिशात टाकली,
काही बोलले नाहीत.

दिवाळीला गेले तेव्हा रेवताबाईंनी हाक मारून आत नेलं.
कणगीच्या वर, पिठाच्या खळीने चिकटवलेली
माझी चंद्रकोर, चांदणीसकट,
एक कोपरा उंदराने खाल्लेला.
"चित्र साजरं हाये पण," त्या म्हणाल्या,
"तुयी ईद अजून भितीले लागेल हाये."