विरजण

गुडलाउग, आधी पिंप धू. मग हात. मग पुन्हा पिंप.
साबण नको, उकळतं पाणी; साबणानं फेस मरतो.
जुनिपरच्या फांद्या तळाशी आडव्या टाक,
तीच गाळणी, तोच वास.
मोडाचे जव नुसते भरड. पीठ केलंस
तर पिंपाचा गळा बसेल,
रात्रभर थेंब मोजत राहशील.

एवढं टोरगिल्सनं फळीवर सुरीनं कोरून ठेवलेलं,
शेवटच्या आजारपणात.
विरजणाबद्दल मात्र एकच ओळ:
रस अंगापेक्षा जरा ऊन असताना घाल, आणि ओरड.

नऊ हिवाळे खुंटीवर टांगलेलं लाकडी कडं,
त्यावर वाळून करडं पडलेलं
त्याच्या पिंपातलं विरजण.
ती कडं बुडवते. तोंड उघडते.
ओरडायचा तोच.
फ्योर्डपलीकडच्या घरांनाही कळायचं
नाताळात कुठे जायचं ते.
तिच्या तोंडून नुसती वाफ निघते.

कुत्रा मात्र भुंकतो,
कशावर, कोण जाणे.

झाकण उघडून बघायचं नाही, तेही फळीवर आहे.
पहाटे तीनला ती अनवाणी खाली येते,
पिंपाला कान लावते.
तडतड.
“ऐकू गेलं म्हणायचं,” ती पुटपुटते,
आणि कुत्र्याला घरात घेते.