काडतुसांची मोजदाद

वाळपईच्या ठाण्यावर बंदूक माझी,
काडतुसं काप्तांवच्या पेटीत.
सकाळी पाच मोजून देतो,
दिवेलागणीला पाच मोजून घेतो.
पगार चोख. बूट नवे,
अजून चावतात.

तो म्हणतो, झिलू, रान तुझं,
तू पुढे चाल.
मी पुढे चालतो.

आज म्हादईच्या उतारावर
चिखलात पावलं दिसली,
डावी टाच फरफटलेली.
त्या टाचेवर, गव्याने तुडवली तेव्हा,
मीच पाला वाटून बांधला होता.

‘कोण गेलं?’
‘रानडुक्कर.’

त्याने वहीत लिहिलं, रानडुक्कर.
मग कितीतरी वेळ
माझ्या बुटांकडे बघत राहिला.

रात्री पेटी उघडली.
पाच.
त्याने पुन्हा मोजली.