डाव्या पंखाची बिजागरी

मला बोलावतात ते फक्त बॅटरी धरायला.
‘जरा वर,’ ओरेस्ट म्हणतो, ‘जरा आत. हां. आता हलू नकोस.’
चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेली मी
हलत नाही.

बाहेर उणे एकतीस. हँगरच्या पत्र्यावर
सस्कॅचवानचा वारा सुकं बर्फ घासतोय,
आणि आत, दोन लाकडी घोड्यांवर
कापड सोललेला डावा पंख:
स्प्रूसच्या फासळ्या, पितळी चुका,
कुण्या उंदरानं कधीतरी थाटलेला संसार,
गव्हाच्या सात दाण्यांसकट.

एलेरॉन म्हणजे पंखाच्या कडेचं दार.
एकीकडचं वर, दुसरीकडचं खाली,
की विमान कुशीवर वळतं.
तीन बिजागऱ्यांवर टांगलेलं दार,
प्रत्येक बिजागरीत एक खीळ,
करंगळीच्या पेराहून बारीक.
त्यातली मधली निघत नव्हती.

चार दिवस तिला तेल पाजलं.
ऊब दिली. गार होऊ दिली. पुन्हा ऊब.
ओरेस्टनं तिला युक्रेनीत आजीची शपथ घातली.
हातोडी एकदाच उचलली, खाली ठेवली.
‘खीळ तुटली तर चालेल,’ म्हणाला,
‘कान फाटला तर नाही.’

पाचव्या दिवशी, मी बॅटरीतले सेल बदलत असताना
ती अंधारातच सुटली.
बशीवर सुई पडावी, एवढाच आवाज.

कारखान्याची नव्हतीच ती.
कॅडमियमचा पिवळा लेप नाही,
डोकं हातानं ठोकलेलं,
अंगावर कानशीच्या तिरप्या रेघा,
आणि त्या भलत्याच बाजूला झुकलेल्या.
डावखुऱ्या माणसाच्या.

माझा भाऊ लॉर्न डावखुरा होता.

लॉगबुकात सापडलं. जून एकसष्ट:
‘पेरणीयंत्राचा बोल्ट घासून बसवला. तात्पुरता.’
त्या तात्पुरत्यावर तो अकरा वर्षं उडाला.
एकदा मलाही नेलं, धान्याच्या उंच कोठ्यांवरून.
तेव्हा दांड्यातून हाताला आलेली बारीक थरथर
मी आनंद समजले होते.

ओरेस्टनं मायक्रोमीटर लावला.
खिळीची झीज केसाएवढी,
भोक मात्र लांबट झालेलं, तिळासारखं.
खीळ दोनदा म्हटली की सैल होते: खिळखिळी.

मी काही विचारलं नव्हतं. त्यानंच सांगितलं,
‘हात चांगला होता त्याचा. पण ही परत घालणार नाही.’
नवे बुश. नव्या खिळी, पाकिटातल्या, नंबर असलेल्या.
हिरवा प्रायमर, ज्याच्या वासानं रात्री भाकरी कडू लागायची.
मग दोरांवरून चिंधी ओढत नेली;
जिथं तिचा धागा अडकला, तिथं तार तुटलेली.
तीन ठिकाणी अडकला. दोरही नवे.

एप्रिलात पंख चढला.
कुलपी तारा पिळल्या, कॉटर पिनांचे पाय मुडपले,
आणि कागदांवर सही करायला
एस्टेव्हनहून कॅमिल डेजार्ले आली.
कॉकपिटमध्ये बसली. दांड्यावर मूठ, अंगठा उभा.
‘अंगठा झुकेल त्या बाजूचं वर,’ स्वतःशीच पुटपुटली.

अंगठा डावीकडे झुकला.
डावं एलेरॉन, लोण्यातून फिरावं तसं,
खाली गेलं.

कुणी बोललं नाही.
दोर उलटे जोडले होते. साठ वर्षांचा सराव,
सगळं नवं, कुठं कणभर ढिलं नाही,
आणि उलटं.
अंगठा दाखवणारे आयुष्यात पुष्कळ भेटले मला.
खरं सांगणारा हा पहिलाच.

ओरेस्टनं टोपी काढली. चष्मा पुसला.
पुसलेला पुन्हा पुसला.
मग पक्कड घेऊन वाकला
आणि पहिल्या कॉटर पिनचे पाय सरळ करू लागला.
कॅमिलनं घड्याळाकडे न बघता
कोट काढून खुंटीला अडकवला.

मी बॅटरी धरली.
‘जरा वर,’ तो म्हणाला. आवाज बारीक.
‘जरा आत.’
माझा मोकळा हात खिशात होता,
बोटांत लॉर्नची खीळ फिरत होती,
आणि झिजलेल्या जागी
दर फेरीला नख अडकत होतं.